नवा एरिया, तिसरा आठवडा आणि करमत नाही

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुलाही दिसेल. वयाने बराच लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

तू नाशिकचा. चर्चच्या मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराच्या सेवेवर, येऊन सहा-सात महिने झाले. पहिला एरिया, म्हणजे कामासाठी नेमून दिलेला भाग, हैदराबादमध्ये. तिथे ट्रेनिंग झालं, मेंबर लोकांनी, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, डोक्यावर घेतलं, कामही बरं चाललं. मग ट्रान्सफरचा फोन आला आणि दोन दिवसांत बॅगा भरून तू राजमहेंद्रीला. आता तिसरा आठवडा चालू आहे. तेलुगू येत नाही. कंपॅनियन कोइमतूरकडचा, कामापुरतं इंग्रजीत बोलतो आणि गप्प बसतो. चर्चमधली माणसं हात मिळवून पुढे जातात. उकाड्याने झोप होत नाही आणि रात्री पडल्या पडल्या तू हैदराबादचे फोटो बघत असतोस. तुझा प्रश्न असा, की मिशन प्रेसिडेंटकडे, म्हणजे मिशनच्या प्रमुखाकडे, बदली मागावी, का आपणच या कामाच्या लायकीचे नाही? आणि जाता जाता पोळीचं दुःखही लिहिलंयस. तेही घेऊ शेवटी.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी चार ओळी. बाहेर ज्यांना मॉर्मन म्हणतात त्या चर्चचं पूर्ण नाव द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. २०१८ पासून चर्च हे पूर्ण नावच वापरा असं आग्रहाने सांगतं. तरुण मुलगे दोन वर्षं आणि मुली दीड वर्ष मिशनवर जातात, पगार नसतो, आणि कुठे जायचं ते आपण ठरवत नाही. मिशनरी कायम जोडीने राहतात, त्या जोडीदाराला कंपॅनियन म्हणतात, आणि मिशनरी मुलाला एल्डर. साधारण दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफर येते. कधी जोडीदार बदलतो, कधी गाव, कधी दोन्ही. मी स्वतः बेंगळुरू मिशनमधून सेवा केली, आंध्रचा किनारी भागही त्यात आला. गेली बरीच वर्षं महाराष्ट्रात आमच्या ब्रांचमध्ये, म्हणजे चर्चच्या छोट्या मंडळीत, येणारे-जाणारे मिशनरी पाहतोय, त्यांना जेवू घालतोय, आणि जाणाऱ्या मुलांची तयारीही करून घेतो. जे सांगतो ते या दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे.

आता मुद्द्यावर. माझ्या मते तुझी अडचण राजमहेंद्री नाही. हैदराबादेत तुझी एक पत होती, ती तिथेच राहिली. तिथे तू कोण आहेस हे सांगावं लागत नव्हतं. कुणाच्या आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन तुझ्यासमोर झालं, कुणाच्या मुलाला तू गणित शिकवलंस. इथे तू नुसता ‘नवा एल्डर’ आहेस. ही पत गेल्याची बोच असते आणि माणूस तिला गावाचं नाव देतो. उकाडा, तिखट, भाषा, डास ही सगळी खरी आहेत. पण तीच हैदराबादेतही थोड्याफार फरकाने होती आणि तू ती सहज सोसलीस.

एक फरक मात्र खरोखर मोठा आहे आणि तो तुला कुणी आधी सांगितलेला दिसत नाही. हैदराबादेत तू हिंदीवर निभावून नेलंस. तिथे रिक्षावाला, दुकानदार, शेजारी, सगळे दखनी हिंदी बोलतात, आणि नाशिकच्या मुलाला ती दोन दिवसांत कळते. गोदावरी जिल्ह्यांत हिंदी चालत नाही. चालते ती स्टेशनवर आणि मोठ्या दुकानात. घरात, बाजारात, प्रार्थनेत तेलुगूच. म्हणजे तू एका तेलुगू भागातून दुसऱ्या तेलुगू भागात गेलास असं कागदावर दिसत असलं, तरी तुझ्यापुरता तो परभाषेच्या मुलखातला पहिलाच एरिया आहे. पहिल्या एरियात मुलं जितकी गांगरतात तितकाच तू आता गांगरणार, आणि त्यात गैर काही नाही. फक्त या वेळी हाताशी ट्रेनर नाही आणि तुला नवा म्हणून कुणी सवलत देत नाही.

तिसऱ्या आठवड्याचंही सांगतो. पहिला आठवडा धावपळीत जातो, दुसरा नवलाईत. तिसऱ्यात नवलाई ओसरते आणि ओळखी अजून झालेल्या नसतात. आमच्याकडे आलेल्या मुलांत मी हे इतक्यांदा पाहिलंय की नव्या एल्डरला जेवायला बोलवायचं तर मी मुद्दाम तिसरा आठवडा निवडतो. पहिल्या आठवड्यात सगळेच बोलावतात.

मिशनरीची मोठी खोड अशी की तो देण्याच्या पवित्र्यात येतो. धडा द्यायचा, आशीर्वाद द्यायचा, सामान उचलायला मदत द्यायची. हे सगळं चांगलंच, त्यासाठीच घर सोडलंय. पण नव्या गावात नुसता देत राहिलास तर पाहुणा राहशील. गाव आपलं वाटायला लागतं ते तिथल्या माणसांकडून काहीतरी घेतल्यावर. कुणीतरी तुला वाट दाखवली, कुणी भाजी निवडून दिली, कुणी तुझं चुकलेलं तेलुगू सुधारलं, की त्या माणसाचा तुझ्यात जीव थोडा अडकतो. आणि तुझा त्याच्यात. तुझ्या पत्रात तू तीन आठवड्यांत काय काय केलंस त्याची मोठी यादी आहे, पण कुणाकडून काही मागितल्याचा एकही उल्लेख नाही. मला वाटतं गाठ इथे आहे.

सोपं उदाहरण केसांचं. दर तीन-चार आठवड्यांनी तुला केस कापावे लागणारच. एखाद्या दुकानाची पाटी बघून आत शिरू नकोस. रविवारी सभा संपल्यावर वयाने मोठ्या एखाद्या भावाला विचार, तुम्ही कुठे कापता, मला घेऊन जाल का? तो सोमवारी, पी-डेला, म्हणजे तुमच्या घरकामाच्या मोकळ्या दिवशी, आनंदाने येईल. कंपॅनियन अर्थातच बरोबर. दुकानात तो न्हाव्याला तुझी ओळख करून देईल, हा मुलगा महाराष्ट्रातला, आमच्या चर्चमध्ये आलाय, बारीक काप म्हणेल. बाकावर बसलेली चार माणसं वर बघतील, कुणीतरी शिर्डीला जाऊन आल्याचं सांगेल. पुढच्या वेळी तुम्ही दोघंच त्या गल्लीतून गेलात तरी न्हावी हात वर करेल. यात तू कुणाला काही शिकवलं नाहीस. पण त्या गल्लीत तुला एक जागा मिळाली. भाजीवाली कुठली चांगली, सदऱ्याचं बटण कोण लावून देतं, पिण्याच्या पाण्याचा कॅन कुणाकडून घ्यायचा, पावसात कुठल्या रस्त्यावर पाणी तुंबतं, हे सगळं फोनच्या नकाशात शोधण्याऐवजी माणसांना विचार.

भाषेचंही तसंच. रोजचा भाषेचा अभ्यास तू खोलीत बसून करतोयस, तो चालू ठेव. पण बाहेर पडल्यावर तीन वाक्यं तोंडात ठेव: ‘बागुन्नारा?’, ‘नाकु तेलुगु कोंचेम वच्चु’, आणि ‘तेलुगु नेर्पिंचंडि’. कसे आहात, मला थोडंच तेलुगू येतं, मला शिकवा. तिसरं वाक्य पहिल्या दोन्हींपेक्षा जास्त काम करतं. मेंबरांच्या घरी, मोठी माणसं समोर बसलेली असताना, शाळकरी पोरांना तुझी परीक्षा घेऊ दे. पोरं निर्दयपणे सुधारतात, ही ही करून हसतात, आणि पुढच्या रविवारी चर्चच्या दारात तुझी वाट बघत उभी राहतात. मोठ्या माणसांना नावापुढे ‘गारू’ लाव, बाईला अक्का, बरोबरीच्या मोठ्याला अण्णा. चर्चमध्ये ब्रदर-सिस्टर चालतंच, पण गल्लीत ‘गारू’ म्हणणारा मुलगा वेगळा दिसतो.

आता घ्यायचं म्हटलं की भारतात पहिली अडचण येते ती चहाची. मेंबरांच्या घरी हा प्रश्न नसतो. पण शेजारी, घरमालक, नव्याने भेटलेली कुटुंबं चहा-कॉफी विचारणारच, आणि आपण ती घेत नाही. आरोग्याचा जो नियम १८३३ पासून आपल्याकडे आहे त्यात चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. दार उघडून बसवलेल्या माणसाने चहा नाकारणं म्हणजे आपल्याकडे जवळजवळ अपमान, हे तुला सांगायला नको. बहुतेक मुलं इथे एक चूक करतात: आधी काहीच बोलत नाहीत, बाई आत जाते, गॅस पेटतो, कप ट्रेमधून बाहेर येतात, आणि मग हा म्हणतो, सॉरी, आम्ही घेत नाही. पाठोपाठ देवाची आज्ञा वगैरे ऐकवतो. त्या घराने चहा पिऊन पाप केलं असाच त्याचा अर्थ निघतो.

चपला काढता काढताच माग. ‘ऊन फार आहे, ताक मिळेल का?’ आंध्रात मज्जिग घराघरात असतं, नसलं तर लिंबू-पाणी, तेही नसलं तर साधं पाणी. मागितलंस की चहाचा प्रश्न आपोआप मागे पडतो आणि त्या बाईला तुला काहीतरी दिल्याचं समाधान मिळतं. कुणी विचारलंच तर एवढंच सांग, आमच्या नेमात चहा-कॉफी बसत नाही. उपासतापासाच्या देशात नेम म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. ताक घेतलंस तर संपव. अर्धा पेला ठेवून उठू नकोस. पाण्याबद्दल मात्र सावध राहा. ते कुठलं आहे याची खात्री नसेल तर पिशवीतली आपली बाटली काढ आणि पोट नाजूक आहे असं सरळ सांग. पोटाचं कारण आपल्याकडे सगळ्यांना पटतं.

कंपॅनियनबद्दल तू जे लिहिलंयस ते वाचून मला त्याच्याबद्दल जास्त वाटलं. तो तिथे तुझ्याआधीपासून आहे. ज्या दिवशी तू आलास त्या दिवशी त्याचा आधीचा कंपॅनियन गेला. तूच लिहिलंयस की ते दोघं फार जवळचे होते. तुझ्या येण्याचा दिवस त्याच्यासाठी कुणीतरी गेल्याचा दिवस होता, हे एकदा लक्षात घे. त्यातच त्याला घराची किल्ली, पाण्याचा कॅन, सगळ्या भेटी, सगळे फोन एकट्याने सांभाळावे लागतायत, कारण तुला रस्ते माहीत नाहीत आणि भाषा येत नाही. तो चिडलेला असेलच असं नाही. कदाचित दमलेला असेल. आठवड्याच्या नियोजनाच्या शेवटी दोघांनी एकमेकांशी मोकळं बोलायची जी वेळ ठेवलेली असते ती बहुतेक जोड्या पाच मिनिटांत उरकतात. या आठवड्यात ती उरकू नकोस. आणि ‘तू माझ्याशी बोलत का नाहीस’ असं सुरू करू नकोस. एक काम त्याच्याकडून मागून घे: फोन लावायचं, किंवा मंगळवारच्या सगळ्या भेटींची वाट काढायचं. आणि एक गोष्ट त्याच्याकडून शिकायला माग. कोइमतूरचा मुलगा आहे, रसम करता येत असेल. स्वयंपाक तुम्ही दोघंच करता, तर एक संध्याकाळ त्याच्या हाताखाली चिंच कोळ. गप्प माणसं हात कामात असले की बोलतात. असं करूनही तीन आठवड्यांत काहीच हललं नाही, किंवा शब्दाने-हाताने त्रास द्यायला लागला, तर ते वेगळं. मग डिस्ट्रिक्ट लीडरला, म्हणजे आसपासच्या जोड्यांचं बघणाऱ्या मिशनरीला, आणि गरज पडल्यास थेट मिशन प्रेसिडेंटला सांगायचं. त्याला चुगली म्हणत नाहीत.

मेंबर लोक थंड वाटतात, त्याचं थोडं आमच्या बाजूने सांगतो. मिशनरीला वाटतं आपण आलो. मेंबरच्या घरी मात्र ते सततचं येणं-जाणं असतं. आमच्या घरी इतके एल्डर जेवून गेलेत की बायको मला कधी कधी विचारते, ‘याचं नाव लक्षात ठेवायचं, का नुसतं एल्डर म्हणायचं?’ हसण्यावारी नेतो, पण तिच्या विचारण्यात खरं आहे. एखादा मुलगा घरचा होतो, पोरांना त्याचा लळा लागतो, आणि एका सोमवारी कळतं की तो बुधवारी चाललाय. दोन-चारदा असं झालं की माणूस हात राखून प्रेम करायला शिकतो. तू हैदराबादहून निघालास तेव्हा तिथल्या घरांत हेच झालं असणार. तेव्हा पहिल्या दोन-तीन आठवड्यांचा थंडपणा हा नकार समजू नकोस. ते फक्त बघतायत, हा टिकणार का. आणि कृपा करून ‘हैदराबादला आम्ही असं करायचो’ हे वाक्य एका ट्रान्सफरपुरतं तोंडातून काढू नकोस. कुठल्याही मेंबरला याहून जास्त खुपणारं दुसरं काही नाही.

आता कामाचं. फोनवरच्या ॲपमध्ये एरियाची जुनी नोंद आहे. आमच्या वेळी तिची जाड फाईल असायची, पानं सुटलेली, तीन-चार हातांची अक्षरं. नवीन मुलगा ती उघडतो आणि कुणी शिकायचं सोडलं, कुणी दार लावलं एवढंच बघतो. तू उलटं वाच. कुणाचं थांबण्याचं कारण परिस्थिती होती ते शोध: परीक्षा, बाळंतपण, नोकरीची पाळी बदलली, घर बदललं. अशांकडे जाताना धडा घेऊन जाऊ नकोस. मी नवीन आहे, तुमचं नाव आमच्याकडे आहे, भेटायला आलो, एवढं पुरे. आणि शक्य तितक्या भेटींना एखाद्या मेंबरला बरोबर ने. आपल्या देशात अनोळखी दोन पोरं दारात उभी राहण्यापेक्षा ओळखीच्या शेजाऱ्याबरोबर आलेली बरी. त्यात त्या मेंबरचंही तुझ्याशी नातं जुळतं, भाषेची अडचण सुटते, आणि बाईमाणूस घरात एकटी असेल तर आत जायचं नाही हा नियमही सहज पाळला जातो.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. आपल्याकडे धर्म सांगायचं स्वातंत्र्य घटनेच्या २५ व्या कलमात आहे, पण त्याला मर्यादाही आहेत, आणि काही राज्यांत धर्मांतराबद्दल वेगळे कायदे आहेत: ओडिशात १९६७ पासून, मध्य प्रदेशात १९६८ पासून, उत्तर प्रदेशात २०२० पासून. प्रत्येक ट्रान्सफरनंतर नव्या राज्याच्या, नव्या शहराच्या सूचना मिशनकडून पुन्हा विचारून घे, मागच्या एरियातली सवय पुढे नेऊ नकोस. राजमहेंद्रीत गोदावरीचे घाट आहेत, बारा वर्षांनी पुष्करालू, म्हणजे नदीस्नानाचा मेळा, भरतो, २०१५ ला झाला, पुढचा २०२७ ला. नाशिकच्या मुलाला नदीकाठी जावंसं वाटणार, आणि जा. आपल्या त्र्यंबकेश्वराची गोदावरी तिथे केवढी रुंद होते ते बघ, ते रेल्वेचे लांबलचक पूल बघ. पण पूजेच्या, गर्दीच्या वेळी छातीवर बिल्ला लावून घाटावर कुणाशी धर्माचं बोलायला जाऊ नकोस. दुसऱ्याच्या देवघरात शिरून बोलण्यासारखं आहे ते.

आकड्यांचं ओझं तू लिहिलंयस. दर आठवड्याला किती जणांना शिकवलं, किती जण सभेला आले हे कळवावं लागतं आणि हैदराबादच्या मानाने ते कमी भरतात. भरणारच. जुन्या एरियातले तुझे शेवटचे आठवडे आणि नव्यातले पहिले यांची तुलना तू करतोयस. करायचीच असेल तर हैदराबादचा तुझा तिसरा आठवडा काढून बघ. महाराष्ट्राच्या संदर्भातलं एक सांगतो, कारण आपल्या मुलांना ते माहीत नसतं. ह्यू फिंडले नावाचे मिशनरी १८५२ साली मुंबईत उतरले, पुढे पुण्यात गेले. वर्तमानपत्रांनी विरोध केला, लष्करी छावण्यांत प्रचार करू दिला नाही, आणि इतक्या खटपटीनंतर जमली ती मूठभर माणसं. त्या वेळी भारतात आलेले बहुतेक मिशनरी काही वर्षांतच परत गेले. बेंगळुरूला मिशन झालं ते १९९३ मध्ये, आणि देशातलं पहिलं स्टेक, म्हणजे अनेक मंडळ्यांचा मिळून होणारा विभाग, हैदराबादला २०१२ मध्ये. सहा आठवड्यांचा हिशेब या कामाला कधीच लागू पडलेला नाही.

फोटोंबद्दल. ते पुसून टाक असं मी सांगणार नाही, काही जण सांगतात. पण रात्री झोपताना नको. पी-डेला दिवसाउजेडी बघ, आणि ज्यांची आठवण येते त्यांच्यापैकी एकाला, नियमात बसेल तसा, निरोप पाठव. घरच्यांशी आता आठवड्याला बोलता येतं, २०१९ पासून. आमच्या वेळी नाताळ आणि मदर्स डे एवढेच फोन. ही सोय चांगली आहे, पण आईशी बोलताना तासभर फक्त राजमहेंद्रीचं गाऱ्हाणं नको. ती नाशिकमध्ये बसून काही करू शकत नाही आणि आठवडाभर झोपत नाही. तिला विचार, घरी काय चाललंय. बोलणं संपल्यावर लगेच एकटा बसू नकोस, बाजाराला जा.

शरीराचं थोडक्यात, कारण तुला तेही महत्त्वाचं वाटलं पाहिजे. एप्रिल-मेमध्ये तिथे पारा चाळिशीच्या वर जातो आणि हवा दमट. झोप मोडली की सगळं जग वाईट दिसतं. दुपारच्या फिरण्याच्या वेळा मिशनच्या परवानगीने सकाळ-संध्याकाळकडे सरकवता येतात का ते विचार. कूलर किंवा दुसरा पंखा मागायला लाजू नकोस. मिशनरींच्या तब्येतीचं बघणाऱ्यांना एक फोन पुरतो. मिठाचं ताक, ओआरएसची पाकिटं, आणि पहिले काही आठवडे लोणच्यावर, विशेषतः आवकायवर, थोडा हात राखून.

आता बदली मागावी का? माझ्या अनुभवावरून, तिसऱ्या आठवड्यात नाही. पण मिशन प्रेसिडेंटला काहीच कळवू नये असं मी म्हणत नाही. दर आठवड्याला तू त्यांना लिहितोसच, त्यात ‘सगळं छान’ लिहू नकोस. झोप होत नाही, भाषा अडते, कंपॅनियनशी जमवायचा प्रयत्न चाललाय, हे तीन ओळींत खरं लिही. बदली मागणं आणि परिस्थिती सांगणं यात फरक आहे. सांगितलंस तर ते काहीतरी करू शकतात: डिस्ट्रिक्ट लीडरच्या वरच्या झोन लीडरबरोबर एखाद्या दिवसाचं एक्स्चेंज (जोडीदारांची अदलाबदल), तेलुगू चांगलं बोलणाऱ्या एल्डरबरोबर एक दिवस. पुढच्या ट्रान्सफरला निर्णय करतानाही त्यांच्या हातात खरी माहिती राहते. बदली होणार की नाही हे अनेक गोष्टींवर ठरतं, त्यातल्या बऱ्याच तुझ्या-माझ्या कानावरही येत नाहीत.

एक गोष्ट मात्र कशावरच अवलंबून नाही. नुसतं करमत नाही असं नसून सलग कित्येक रात्री झोपच लागत नसेल, अन्न जात नसेल, कारण नसताना रडू येत असेल, छाती धडधडून श्वास अडत असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल, तर पुढच्या पी-डेची वाट बघू नकोस. त्याच दिवशी, त्याच तासाला कंपॅनियनला सांग आणि मिशन प्रेसिडेंटना फोन कर. मिशनरींसाठी मानसिक आरोग्याचे सल्लागार असतात, ते याचसाठी आहेत. टेली-मानस हा सरकारी क्रमांक १४४१६ देशात कुठूनही लागतो. उपचारासाठी घरी यावं लागलं, किंवा पुढची सेवा घराजवळ राहून करावी लागली, तरी ती सेवाच. आमच्या ब्रांचमध्ये अशी मुलं आहेत आणि त्यांच्याकडे कुणी वाकड्या नजरेने बघितलेलं मला चालत नाही. ‘मी लायकीचा नाही’ हे तू जे लिहिलंयस ते तीन आठवड्यांच्या उकाड्यातून आलंय की त्याहून खोलातून, हे मला इथून ओळखता येणार नाही. तुलाच प्रामाणिकपणे बघावं लागेल.

राहिली पोळी. तीन वेळा भात खाऊन तू कंटाळलायस. गव्हाचं पीठ सगळीकडे मिळतं, पण तुझ्याकडे पोळपाट-लाटणं नाही आणि तुला पोळ्या येत नाहीत, असं दिसतंय. मग भाकरी कर. किराणा दुकानात ‘जोन्न पिंडी’ माग, ज्वारीचं पीठ. ते ताजं आहे का ते विचारून घे, जुनं पीठ वळत नाही, थापताना कडा फाटतात. पाणी कडकडीत गरम घ्यायचं, पीठ थोडं थोडं मळायचं, आणि थापायला स्टीलच्या ताटाची पाठ चालते. तवा आधी चांगला तापू दे. वरून पाण्याचा हात फिरवलास की उलटायची घाई करू नकोस, पाणी सुकू लागलं की उलट. पहिल्या चार-पाच वेड्यावाकड्या होतील, त्या कंपॅनियनच्या रसमबरोबर खपतात.